न खोडलेली पेन्सिल

हेमा,

तुझ्या टेबलाचा खालचा खण काल उघडला. साहेब म्हणाले, दामोदर, बाईंच्या फाइली ताब्यात घ्या आणि यादी करा. मी यादी केली. पेन्सिलीचे सात तुकडे, त्यातले चार बोटभरसुद्धा नाहीत. एक शार्पनर. केसांच्या पिना. आवळासुपारीची अर्धी डबी. घडी न मोडलेला एक हातरुमाल. आणि सहा फाइली. दामोदरला याद्या झकास जमतात, असं तू चारचौघांत म्हणायचीस, आणि ते कौतुक नाही हे फक्त मला कळायचं.

तू गेलीस त्याला आज तेरा दिवस झाले. मला अजून रडू आलेलं नाही. येईल, येईल, असं सगळे सांगतात, जणू ते पोस्टानं यायचं आहे. पोस्टाबद्दल तुझं मत काय होतं ते मी त्यांना सांगितलं नाही.

सहा फायलींतली निळी माझी. तिच्यात काय आहे हे तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, म्हणून एकदा सरळ लिहून टाकतो. सहायक आस्थापना अधिकाऱ्याची एक जागा अनुसूचित जातीसाठी राखीव आहे, ती बढतीनं भरायची. उमेदवार मिळाला नाही असं आपल्या शाखेनं लिहून दिलं आणि संपर्क अधिकारी म्हणून तू त्यावर सही केलीस, की आरक्षण उठतं आणि जागा सर्वसाधारण यादीत जाते. महिनाअखेरीपर्यंत ठरवायचं आहे. 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' हे वाक्य त्या फायलीत मी लिहिलं, माझ्या हातानं. आणि त्या जागेला योग्य असा सबंध कारखान्यात एकच उमेदवार होता, तो मी.

असं कागदावर वाचलं की वेडेपणा वाटतो. लिहिताना वाटला नव्हता.

आपण एकाच दिवशी रुजू झालो. सरकारी पंपदुरुस्तीचा हा मुलुंडचा कारखाना तेव्हा नवा होता, आणि आस्थापना शाखेत दोन कनिष्ठ लिपिक आले, एक खारदांड्याची कोळीण आणि एक घाटकोपरच्या टेकडीवरचा, मूळचा नांदेडकडचा. मी आठवडाभर तुला अहोजाहो करत होतो. शेवटी तूच वैतागून म्हणालीस, "अहो काय करतोस रे, मी काय तुझी मामी आहे?" पुढे तू विभागीय परीक्षा देऊन अधिकारी झालीस. मी तीच परीक्षा तीन वर्षांनी दिली, पास झालो आणि यादीत वाट पाहत बसलो. अरेतुरे मात्र टिकलं, केबिनचं दार बंद असेपर्यंत. दार उघडं असलं की मी मॅडम म्हणायचो आणि तू तोंड वाकडं करायचीस.

मागासवर्गीयांच्या संपर्क अधिकाऱ्याचं काम तुझ्या गळ्यात पडलं, कारण दुसऱ्या कुणालाच ते नको होतं. बाईमाणूस आहे, सही करेल आणि गप्प बसेल, असा वरच्यांचा होरा होता. पहिल्याच महिन्यात तुझ्यासमोर पाच फाइली आल्या आणि पाचांतही तेच वाक्य होतं, योग्य उमेदवार उपलब्ध नाही. टंकलेखकाच्या बोटांना ते पाठ झालं होतं, बघावंही लागत नसे. तू पाचही ठिकाणी समासात पेन्सिलीनं लिहिलंस, 'कुठे शोधलं?' आणि फाइली परत पाठवल्यास. सही नाही, नकारही नाही. लोकांना काय करावं कळेना. नकार असता तर वर तक्रार करता आली असती.

पेन्सिल का, असं मी विचारलं होतं. तू म्हणालीस, शाईनं विचारलं की लोक उत्तर देत नाहीत, आपल्या बाजूचा माणूस शोधतात. आपल्या कचेरीची रीतच होती ती. पेन्सिलीनं लिहिलेलं आपसातलं, फाईल साहेबांकडे जाण्याआधी ते खोडायचं. आणि खोडरबर माझ्याकडे असे. तुझा तो प्रश्न इतकी वर्षं मीच खोडत आलो आहे, हेमा. कितीजणांना नोकरी त्या दोन शब्दांमुळे मिळाली हे सांगणारा एकही कागद आपल्या दफ्तरात नाही. समास तेवढे पांढुरके झाले आहेत.

संजीवनी आठवते? पंपांच्या मोटारींची वायर गुंडाळतात त्या विभागातली फाईल होती. तुझ्या प्रश्नाला उत्तर आलं, तीन उमेदवारांना मुलाखतीची पत्रं पाठवली, एकही हजर राहिला नाही. बाकी कुणी त्यावर सही केली असती. तू त्या तिघांचे पत्ते उतरवून घेतलेस आणि शनिवारी दुपारी मला घेऊन घाटकोपरची टेकडी चढलीस. माझ्याच घरावरून पुढे गेलो आपण, आणि मी तुला घर दाखवलं नाही. संजीवनीनं ट्रंकेतून पाकीट काढून आणलं. मुलाखत सोमवारी होती आणि पत्र तिला बुधवारी मिळालं होतं. तू पाकीट उजेडात धरून पोस्टाचा शिक्का वाचलास. आपल्याकडून ते निघालंच होतं शनिवारी. बाकीच्या दोघांचंही तेच. जावक कारकून म्हणाला, वरून पत्र माझ्याकडे येतं तेव्हा मी टाकतो, मला काय विचारता. वरचे म्हणाले, जावक शाखेत उशीर होतो. कुणाचं कुणाला ठाऊक. तू त्यात वेळ घालवला नाहीस. फेरमुलाखत लावलीस, आणि त्यानंतर अशी सगळी पत्रं आपण दोघांनी हातानं नेऊन दिली.

संजीवनी त्या विभागातली पहिली बाई. तिच्यासाठी तिकडे संडास बांधायला आठ महिने लागले, त्याची फाईल अजून सगळ्यात जाड आहे. मुकादम म्हणाला होता, बाईच्या हाताला गुंडाळणी जमत नाही. आता तो नवीन मुलांना तिच्याकडेच शिकायला पाठवतो, आणि हे त्याला कधी सुचलं असं विचारलं तर म्हणतो, पहिल्यापासून.

पत्रं वाटत आपण नाहूर, भांडुप पालथं घातलं. एकदा मढलाही गेलो, वर्सोव्याहून होडीनं. काम दहा मिनिटांत झालं आणि तू मला तुझ्या आत्याकडे जेवायला नेलंस. ओल्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. तुला तसं जेवताना मी पहिल्यांदा पाहिलं. बोलणं नाही, इकडेतिकडे बघणं नाही, ताटाशी एकरूप. आणि मला आठवली कचेरीतली तुझी रोजची भेंडी.

परतीच्या होडीत मी विचारलं.  तू सांगितलंस की अधिकारी झाल्यावर पहिल्या आठवड्यात अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या खोलीत तू बोंबलाचा डबा उघडला होतास. कुणी काही बोललं नाही. एकजण उठला, खिडकी उघडली, आणि परत येऊन जेवायला बसला. एवढंच. दुसऱ्या दिवसापासून भेंडी.

मला वाईट वाटलं, आणि ते मी बोलून दाखवायला हवं होतं. मी म्हणालो, एका खिडकीला घाबरलीस होय. तेव्हा तू माझ्याकडे वळलीस.

"आणि तू सही वि. दामोदर अशी का करतोस रे?"

मी म्हणालो, सवय. तू हसलीस, पण छान हसली नाहीस.

आता सगळंच लिहितोय तर हेही लिहितो. माझं पूर्ण नाव विलास दामोदर सोनकांबळे. रुजू झालो तेव्हा कुणीतरी विचारलं, दामोदर म्हणजे मंगळूरकडचे का. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. त्यानंतर मला मंगळूरच्या पावसाबद्दल विचारू लागले. सेवापुस्तकात खरं नाव आहे, पण सेवापुस्तकं आपल्याच कपाटात. ज्येष्ठता यादी टाइप करायचं काम माझं, आणि मी त्यात स्वतःला 'दामोदर, वि. सो.' असं बसवलं होतं. जातीच्या रकान्यात रेघ. कुणी पडताळून पाहिलं नाही, कारण दामोदरच्या याद्या चोख असतात. तुला माहीत होतं. तू कधी कुणाजवळ बोलली नाहीस, आणि मला कधी सोडलंही नाहीस.

म्हणून ती राखीव जागा आली तेव्हा माझं वाक्य कागदोपत्री खरंच होतं. यादी बघितली, यादीत अनुसूचित जातीचा कुणी नाही, योग्य उमेदवार उपलब्ध नाही. या वाक्याविरुद्ध मी तुझ्याबरोबर टेकड्या चढलो होतो आणि तेच मी सुवाच्य अक्षरात लिहून तुझ्या टेबलावर ठेवलं.

तू दार लावलंस. "हे तू लिहिलंस?"

मी म्हणालो, यादीत कुणी नाही.

"यादी टाइप कुणी केली?"

मग मी माझं म्हणणं मांडलं. सर्वसाधारण यादीत मी दुसरा आहे, वर्षा-दोन वर्षांत त्याच खुर्चीवर त्या यादीतून बसेन. थांबायची माझी तयारी आहे. पण कोट्यातून आला असं कुणी माझ्या पाठीमागे म्हणायला नको. मला माझ्या कामावर जायचं आहे. तू सगळं ऐकून घेतलंस, हे तुझं मला कधी आवडायचं नाही, कारण त्यानंतर तू बोलायचीस.

"म्हणू दे ना. मला काय म्हणाले माहितीये? बाई म्हणून घेतली. म्हणाले, आणि मी बसले. खुर्ची मोडली का?" तू फाईल माझ्याकडे सरकवलीस. "आणि त्या टेकडीवर मी उद्या कुठल्या तोंडानं जाऊ? जागा होती, माणूस होता, आणि माणसानंच लिहून दिलं की माणूस नाही?"

मी म्हणालो, तुझं वेगळं आहे.

"हो, वेगळं आहे," तू म्हणालीस. "मी भेंडी खाते."

इथं मी थांबलो असतो तर आज ही पानं मला लिहावी लागली नसती. मी म्हणालो, "आधी त्या खोलीत बोंबील उघडून दाखव. मग मला शिकव."

 तू फाईल परत आपल्याकडे ओढलीस, खालच्या खणात टाकलीस आणि म्हणालीस, जा, काम कर. मी गेलो. मनात म्हटलं, जिंकलो.

त्यानंतर आठवडाभर आपण फक्त कामाचं बोललो, दार बंद असतानाही मी मॅडम म्हणत होतो. सोमवारी तू आली नाहीस. कावीळ, असं कळलं. कावीळ म्हणजे काय, उसाचा रस प्यायचा, पंधरा दिवस पडून राहायचं, असंच आपल्या सगळ्यांना वाटतं.

इस्पितळात मी दोनदा आलो. पहिल्यांदा तू उठून बसली होतीस, डोळे हळदीसारखे. मी तुला कॅन्टीनचा कंत्राटदार बदलल्याचं सांगितलं. नव्या चहात आलं जास्त असतं हेही सांगितलं. अर्धा तास मी चहातल्या आल्याबद्दलच बोललो. दुसऱ्यांदा तू पडूनच होतीस. मी निघताना म्हणालीस, "फाईल माझ्याकडेच आहे." मी म्हणालो, आधी बरी हो. मला वाटलं, तू अजून रागावलेली आहेस. मला म्हणायचं होतं की ते बोंबलाचं मी बोललो ते हलकं बोललो, माफ कर. ते म्हणायला पुढचा आठवडा आहे असं मी धरून चाललो. नव्हता.

तुझ्या दहाव्याला मी खारदांड्याला आलो. संजीवनीही होती, तिच्या विभागातल्या चारपाच जणी घेऊन. तुझ्या आईनं मला जवळ बसवलं. रडून रडून तिचा आवाज बसला होता, पण हात कामात होते, ती पाटीवरचा सुका जवळा निवडत होती. ती म्हणाली, "माजी पोर रोज दोन डबे नेयची. हापिसान सगली जना डबं पुसून खातान, सांगायची."

दोन डबे. मी संजीवनीकडे पाहिलं.

येताना तिनं सांगितलं. त्यांची जेवणाची सुट्टी साडेबाराला, अधिकाऱ्यांची एकला. साडेबाराला तू पहिला डबा घेऊन त्यांच्या शेडमध्ये जायचीस, खाली बसून त्यांच्याबरोबर बोंबील खायचीस, हात धुवायचीस, आणि एक वाजता वर जाऊन भेंडी उघडायचीस. इतकी वर्षं. तपासणीला जाते असं मला सांगून जायचीस, आणि मी हालचाल नोंदवहीत 'तपासणी' असं लिहायचो. शेवटच्या आठवड्यात, म्हणजे आपल्या भांडणानंतर, तू तिथं दोनदा तो डबा न उघडता तसाच हातात धरून बसलीस म्हणे. मी वर नेऊ का हा, असं त्यांना विचारत होतीस. त्या हसल्या, त्यांना वाटलं तू थट्टा करतेस. मग तू तो त्यांच्यातच वाटून टाकलास.

 मी बसस्टॉपच्या कट्ट्यावर बसलो. संजीवनी टेकडीवरचीच, माझं आडनाव तिला ठाऊक होतं. तिनं विचारलं, "दादा, मॅडम सांगत होत्या एक जागा आहे म्हणून. तुम्ही अर्ज केलात ना?"

करतो, असं मी म्हणालो. खोटं बोलायचं म्हणून नाही. दुसरं काही सुचलं नाही.

काल खण उघडला, यादी केली, आणि निळी फाईल सगळ्यात शेवटी घेतली. मला खात्री होती की तू ती तशीच दाबून ठेवली असशील, किंवा माझ्यावर दोन पानं लिहिली असतील. तसं काहीच नव्हतं. माझं वाक्य होतं, आणि समासात पेन्सिलीनं, बाकी सगळ्यांना विचारायचीस तेच दोन शब्द. 'कुठे शोधलं?' खाली तारीख, तू न आलेल्या सोमवारच्या आधीच्या शनिवारची. सगळ्यांना विचारलंस तसंच मलाही विचारलंस. सवलत नाही, टोमणाही नाही. आणि मग मला रडू आलं. दार लावायला उठलो तर मुकादम हजेरीपट घेऊन दारात. त्याला म्हटलं, धूळ आहे फार.

अजूनही माझं म्हणणं साफ चूक होतं असं मला वाटत नाही, हे तुला सांगून ठेवतो. पाठीमागे लोक बोलणारच आहेत, आणि मला ते लागणारच आहे. तू म्हणशील, खुर्ची मोडली का. या वादात शेवटचा शब्द तुझा राहिला, आणि मला तो खोडता येत नाही.

आज सकाळी मी माझ्या वाक्यावर शाईची रेघ मारली. खाली उत्तर लिहिलं, 'याच शाखेत. उमेदवार उपलब्ध आहे. अर्ज व जातीचा दाखला सोबत जोडला आहे. ज्येष्ठता यादीतील नोंद चुकीची होती, ती माझ्याकडून झाली, दुरुस्त केली आहे.' सही केली. पूर्ण सही करायला इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं, शेवटचा 'ळे' कागदाबाहेर जातो की काय असं झालं. रबर टेबलावरच होतं. तुझा प्रश्न मी खोडला नाही. तशीच फाईल शिपायाकडे दिली आणि साहेबांकडे वर पाठवली.

तुझ्या आईनं निवडलेला जवळा कागदात बांधून दिला होता. घरी त्याची चटणी केली, आज डब्यात आहे. अधिकाऱ्यांच्या त्या जेवणाच्या खोलीत मला अजून प्रवेश नाही, तेव्हा साडेबाराला शेडमध्ये जाणार होतो.

बाराला पाच कमी असताना अंतर्गत फोन वाजला. साहेब होते. म्हणाले, "दामोदर, बाईंच्या खणातली ती निळी फाईल आलीय. समासात पेन्सिल तशीच राहिलीय तुमच्याकडून. आणि हे सोनकांबळे कोण? आपल्या शाखेत कधी पाहिले नाहीत."

मी म्हणालो, "मीच, साहेब. वर येतो."